वेगळा धोटा

गल्लीच्या तोंडाशीच सुवर्णाच्या कानांना कळले, की आपला माग चालू आहे. बेळगावच्या वडगावातल्या त्या गल्लीत दिवसभर दहा-बारा माग एका वेळी खडखडत असतात. नवख्या माणसाला तो सगळा एकच गोंगाट वाटतो. पण सुवर्णाचा माग जुना, त्याची उजवी बाजू जरा लंगडत वाजायची. सत्तावीस वर्षे त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईला तो इतरांतून वेगळा काढायला कष्ट पडत नव्हते.

सकाळी सातला ती घराबाहेर पडली होती. आता दीड वाजला होता. सरकारी दवाखान्यातली रांग, वजन, रक्तदाब, मग तीन महिन्यांच्या गोळ्या. डब्या पिशवीच्या तळाशी आणि त्यांच्यावर मेथीची जुडी, ही तिची ठरलेली पद्धत. बसमध्ये उभे राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. घरी जाऊन पाठ टेकायची एवढेच डोक्यात होते. पण ती घरात नसताना माग चालवायचा नाही, असा तिने घातलेला नियम होता, आणि माग तर चालू होता.

उंबऱ्यात पाय ठेवला तेवढ्यात माग थांबला. कांडीवरचे सूत संपले असणार. पाचव्या महिन्यातली तिची सून दिपाली पदर खोचून मागापुढे उभी होती. तिने आडवे सूत वाहून नेणारा लाकडी धोटा बाहेर काढला, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवली, आणि धोट्याच्या कडेच्या बारीक भोकाला तोंड लावून जोरात श्वास आत ओढला. धागा सुर्रकन बाहेर आला. तिने मान वर केली. सासू दिसताच तिचा चेहरा फुलला.

"आत्या, बघितलासा? पयल्याच दमात आला!"

सुवर्णाने बघितले होते. धोट्याच्या बुडाला निळ्या रंगाचा पट्टा होता. दिपालीच्या धोट्याच्या टोकाचा टवका उडाला म्हणून तो सुताराकडे दिला होता. हा तिचा नव्हता. हा सुवर्णाचा होता.

पिशवी कुठे पडली ते तिला कळले नाही. धोटा हिसकावून तिने सुनेला दंडाला धरून मोरीत ओढत नेले. "थुंक. थुंक म्हणते न्हवं! गिळलीस काय? खरं सांग, गिळलीस काय?"

"काय गिळू? धागा?"

मिठाचे पाणी झाले. मग सुवर्णाने डेटॉलची बाटली काढली आणि दोन थेंब टाकलेल्या पाण्याने चूळ भरायला लावली. त्या वासाने दिपालीला उलटी झाली. आवाज ऐकून शेजारची अंबुबाई खिडकीशी आली.

"काय गं सुवर्णा, पोटुशी पोरगी हाय ती. कशाला वरडालीस?"

"काय न्हाई. पित्त झालंय तिला."

"पित्त झाल्यावर दंडाला धरत्यात व्हय?" अंबुबाई म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर पोचवायला तिला तेवढे पुरेसे होते.

दिपालीने तोंड पुसले. तिचे डोळे उलटीने लाल झाले होते, पण आवाज शांत होता.

"माझं तोंड एवढं घाण वाटतंय व्हय तुमाला?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं? दीड वर्षं बघाल्ये मी. तुमचं ताट वेगळं, पेला वेगळा. धोट्याला मी हात लावायचा न्हाई. आम्ही उचगावची शेतातली माणसं, तुमच्या जातीची न्हवं. लग्न राजूच्या हट्टापायी केलासा. तेवढं तोंडानं सांगा की एकदा. सोवळं पाळत बसू नका."

दीड वर्ष सुवर्णा या पोरीला जपत होती, आणि पोरीने त्या जपण्याचा हा अर्थ लावला होता. लावेल नाही तर काय. दुसरा कुठला अर्थ तिला दिलाच नव्हता.

---

सुवर्णाचा नवरा नागराज चार वर्षे इचलकरंजीला मागावर होता. दिवाळीला आणि जत्रेला यायचा. चौथ्या वर्षी आला तो खोकत आला, आणि परत गेलाच नाही. आधी टीबी निघाला. मग टीबीच्या डॉक्टरांनी आणखी एक रक्त तपासायला लावले, त्यात एचआयव्ही निघाला. तो कुठून आला हे नागराजने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. विचारून काय होणार होते. तिचे रक्त तपासले, तिच्यातही होता. दहा वर्षांच्या मुलाचे, राजकुमारचे तपासले, तो सुटला होता. ती सोनोग्राफीच्या खोलीमागच्या जिन्यावर बसून रडली होती, ती राजूसाठी. स्वतःसाठी रडायला नंतर वेळच मिळाला नाही.

टीबी वॉर्डातली सिस्टर चांगली होती. ती नागराजला पुन्हा पुन्हा बजावायची. थुंकी डबीतच टाकायची, तोंडाला फडकं लावायचं, थुंकी जपायची, घरात पोरगं आहे. तेव्हाच एका कागदावर दोन्ही आजार लिहिलेले होते. एका माणसाला, एका वेळी, एकाच दवाखान्यात झालेले दोन आजार. सुवर्णाच्या डोक्यात ते एकच झाले, आणि सिस्टरने एकासाठी घालून दिलेले नियम तिने दोन्हींसाठी पाठ केले.

नागराज गेला. पहिली चार वर्षे तिला गोळ्या नव्हत्या. आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा अजून बरा आहे, तो खाली आला की सुरू करू, असे त्या वेळी दवाखान्यात सांगायचे. आकडा खाली येत गेला. आधी पाठीवर नागीण उठली. मग जेवण जाईना, वजन छत्तीस किलोवर आले, आणि जिभेवर, टाळूला पांढरा थर धरला. बोटाला कापड गुंडाळून तो पुसताना तिची खात्री पटली, की आजाराचे बिऱ्हाड इथेच आहे. तोंडात.

म्हणून तिने धोट्याला निळा पट्टा ओढला.

मागावरच्या बाईचे तोंड दिवसातून शंभर वेळा धोट्याला लागते. कांडी संपली की धोटा काढायचा, नवी कांडी घालायची, श्वास ओढून धागा भोकातून बाहेर घ्यायचा. तारेच्या आकड्याने ओढता येतो, पण वेळ जातो, आणि सूत देणाऱ्या सावकाराच्या साड्यांना वेळ नसतो. तेव्हा मदतीला बायाक्का नावाची एक बाई यायची. तिचे दोन धोटे वेगळे, सुवर्णाचे दोन वेगळे. कुणी विचारले तर सुवर्णा सांगायची, माझ्या हिरड्यांना पायोरिया आहे. रोज संध्याकाळी ती आपले धोटे डेटॉलच्या पाण्याने पुसायची. लाकूड फुगायचे, त्यावर कुसळ उठायचे, धागे तुटायचे. वर्षाला दोन धोटे बाद व्हायचे. बायाक्का म्हणायची, "तुझ्या हातात धोटा टिकत न्हाई बघ, जड हाताची हाईस."

गोळ्या सुरू झाल्या तशी ती सावरली. पहिल्या गोळ्यांनी रक्त कमी झाले, त्या बदलल्या. दुसऱ्यांनी भलतीसलती स्वप्ने पडायची, त्याही बदलल्या. आता बरीच वर्षे रोज एकच पांढरी गोळी. वर्षातून एकदा रक्तातले विषाणू मोजत. मोजणारी बाई कागद बघून म्हणे, "सापडला नाही, छान." सुवर्णा मान हलवायची. सापडला नाही म्हणजे लपलाय, असे ती घरी जाताना स्वतःशी म्हणायची. कुठे लपलाय ते तिला ठाऊक होते.

दिपालीला तिने माग शिकवला तो तारेच्या आकड्यानेच. तिसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्यात दिपालीचे गरोदरपणाचे रक्त तपासले, त्यात एचआयव्हीही तपासतात हे सुवर्णाला माहीत होते. कागद येईपर्यंतचे आठ दिवस तिने बोटांवर मोजले. कागदावर 'नाही' होते. आपण नीट जपले, असे वाटून तिला पहिल्यांदा स्वतःचा थोडा अभिमान वाटला होता.

आणि आज तिने निळा धोटा मागावरच ठेवून जाण्याची चूक केली होती.

---

उद्यमबागच्या कारखान्यातून राजकुमार आला तेव्हा दिपाली आत झोपली होती आणि आई माग बंद करून नुसती बसली होती. सगळे ऐकून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"आई, थुंकीनं होत न्हाई ते. मी मोबाईलवर वाचलंय."

"मोबाईलवर काय बी असतंय. कारल्याच्या रसानं बरा होतोय म्हणूनबी त्यात असतंय, मागं तूच दाखिवलतास."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? मोबाईल तोच न्हवं?"

तो हळू आवाजात म्हणाला, "ती रविवारी उचगावला जाते म्हणालीय. भावाला, विक्रमला फोन केलाय, गाडी घिऊन येणार तो. बाळंतपण होऊन परत येईन का नाही, बघू म्हणाली." मग म्हणाला, "आई, सांगून टाकू का तिला?"

"आणि सांगून गेली तर?"

"न सांगता जाईतच हाय की."

सुवर्णा उठून भाकरीला बसली. तीन ताटे वाढली. दोन एका बाजूला, एक दुसऱ्या. ते एक ताट बघून तिला इतका शीण आला, की तिने ते तसेच झाकून ठेवले.

---

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच बसमध्ये होती. आधारकार्ड दाखवून बायकांचे फुकटचे तिकीट घेतले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आक्का, रोजच बेळगाव बघालीस की." ती हसली नाही.

गोळ्यांच्या खिडकीशेजारी समुपदेशक मनिषा मॅडमची खोली होती. दहा वर्षे ती सुवर्णाला ओळखत होती. गोळी वेळेवर घेता का, चुकली का, घरी काही त्रास, असे चार प्रश्न आणि कागदावर चार खुणा. सुवर्णाची कधी एक गोळी चुकली नव्हती, त्यामुळे मनिषाला तिच्याकडे कधी पाच मिनिटांहून जास्त बसावे लागले नव्हते. बाहेर तर नेहमी चाळीस माणसे असायची.

"काल तर नेलात गोळ्या. हरवल्या का?"

"न्हाई." सुवर्णाने दार लोटले. "माझ्या सुनेनं माझा धोटा तोंडाला लावला. तिला पोर होणार हाय. आता दोघांस्नी काय गोळी द्यायची असंल तर द्या. मी तिला भाकरीत घालून खायला घालते, पर तिला कळायला नगो."

मनिषाला धोटा म्हणजे काय तेच आधी कळले नाही. सुवर्णाने हाताने, तोंडाने करून दाखवले. श्वास कसा ओढायचा, ओल कशी लागते. मग ताट, पेला, टॉवेल, डेटॉल, निळा पट्टा. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. मनिषाने हातातले पेन खाली ठेवले.

"सुवर्णाताई, किती वर्षं करताय हे?"

"आजार कळल्यापासनं. सोळा झाली."

"आणि मला कधी विचारलं नाहीत?"

"तुम्ही गोळीचं विचारायचासा. धोट्याचं कुणी विचारलं न्हाई."

मनिषाने खुर्ची जवळ ओढली आणि घरातल्या बाईशी बोलावे तसे सांगितले. थुंकीचे जपायचे ते टीबीचे, आणि ते नागराजबरोबर गेले. हा आजार थुंकीतून जात नाही. ताटातून, पेल्यातून, टॉवेलातून, खोकल्यातून नाही. तो जातो चार वाटांनी. निरोध न वापरता संबंध आला तर, तपासणी न केलेले रक्त चढवले तर, दुसऱ्याला टोचलेली सुई पुन्हा वापरली तर, आणि आईकडून पोटातल्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला. तिथेही आईने गोळ्या घेतल्या, बाळाला जन्मल्यावर औषध दिले, तर बाळ सहसा सुटते.

"आणि हिरडीतनं रगात येतंय कधी कधी. ते धोट्याला लागलं असंल तर?"

"लाकडावर वाळलेल्या डागातून कुणाला झाल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि तुमच्या रक्तात तो मोजण्याइतका सापडतच नाही, किती वर्षं."

"सापडत न्हाई म्हंजे लपलाय."

मनिषाला हसू आले, पण तिने ते आवरले. "लपलाय, हे खरं आहे. अंगात खोल झोपलाय. गोळी सोडलीत तर उठेल, परत पेशी खाईल, परत वजन उतरेल. म्हणून गोळी जन्मभर. पण तो झोपलेला असताना तुमच्याकडून नवऱ्यालासुद्धा गेला नसता, सुनेचं तर सोडाच. तिला कसलीच गोळी नको, तपासणी नको. तुम्ही तिला काही केलेलं नाही."

सुवर्णाला वाटले होते, असे काही ऐकले तर मोठे ओझे उतरेल. तसे झाले नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. सोळा वर्षांतल्या धोट्यांचा, डेटॉलच्या बाटल्यांचा, ताप आलेल्या राजूच्या कपाळाला न टेकवलेल्या तोंडाचा आता काय उपयोग होता? ती वर्षे कुणी चोरली असती तर भांडता आले असते.

"तिला सांगायचं का?" तिने विचारले.

"ते तुम्ही ठरवायचं. कायद्यानं तुमची गोष्ट तुमची आहे. मी, डॉक्टर, कुणी तिला सांगू शकत नाही. तिला धोका नाही, त्यामुळे नाही सांगितलंत तरी तिचं बिघडत नाही."

"तिचं बिघडत न्हाई," सुवर्णा म्हणाली. "घर बिघडतंय."

---

शनिवारी दुपारी लाईट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झाले. दिपाली पेटीवर बसून आपल्या साड्यांच्या घड्या पिशवीत भरत होती. सुवर्णा तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिने तयारी केली होती, वाक्ये जुळवली होती. ऐन वेळी त्यातले एकही आले नाही.

"मला पायोरिया न्हाई," ती म्हणाली. "एचआयव्ही हाय. राजूच्या बापापासनं."

दिपालीचा हात घडीवर तसाच राहिला. मग सुवर्णाने सगळे सांगितले, उलटसुलट, कधी इचलकरंजी आधी, कधी धोटा आधी. मनिषाने सांगितलेलेही सांगितले. मध्येच एकदा दिपालीचा हात पोटावर गेला, आणि तो सुवर्णाने पाहिला.

"राजूला ठावं हाय?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"पंधरा वर्षांचा होता तवापासनं."

दिपाली हसली. ते हसणे बरे नव्हते. "म्हंजे घरात मीच तेवढी परकी. मी आपली समजाल्ये, जातीचं हाय. उचगावात आईला सांगून रडून आल्ये मी, आत्या. आई म्हणाली, सोस, पोर झाल्यावर निवळंल. आणि तुम्ही दोघं आत बसून गोळ्या मोजत होतासा."

"भ्यालो गं आम्ही."

"कशाला भ्यालासा? मी काय अंबुबाई हाय?"

सुवर्णाला हे अपेक्षित नव्हते. आजाराचे ऐकून सून किंचाळेल, दूर सरकेल, याला ती तयार होती. दिपाली सरकली नव्हती, पण जवळही आली नव्हती. तिला राग आला होता आणि तो आजाराचा नव्हता.

रविवारी विक्रम गाडी घेऊन आला. त्याने चहा घेतला, पिशवी कुठे आहे विचारले. दिपाली म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू. मला सोमवारी दवाखान्यात जायचंय." विक्रम कुरकुरत परत गेला. राजकुमार तिच्याशी बोलायला गेला तेव्हा तिने त्याला एवढेच सांगितले, "तुझ्याशी मी नंतर भांडणार हाय. आत्ता दमल्ये."

---

सोमवारी दोघी मनिषाच्या खोलीबाहेर बसल्या. सुवर्णा या बाकावर नेहमी डोक्यावर पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसायची. आज दिपाली शेजारी होती, त्यामुळे तसे बसता येईना. नंबर आल्यावर दिपाली म्हणाली, "मी एकटी जाते. तुमच्यासमोर विचारायला यायचं न्हाई."

ती अर्धा तास आत होती. बाहेर माणसे कुजबुजली, शिपायाने दोनदा दार वाजवले. सुवर्णाच्या मनात काहीच येत नव्हते. तिला फक्त झोप येत होती, ताप उतरल्यावर येते तशी.

दिपाली बाहेर आली ती सरळ चालायला लागली. दवाखान्याचे फाटक ओलांडून ती बसथांब्यावर आली. थांब्याच्या कट्ट्यावर जरा अवघडून बसली आणि मग म्हणाली,

"सगळं विचारलं. डासांचंबी विचारलं. माझ्या नि बाळाच्या अंगात काय बी न्हाई, तुमच्याकडनं यायचंबी न्हाई. पटलं मला."

"बरं झालं."

"पर खरं सांगते, तुमच्या ताटात लगेच जेवणार न्हाई मी. डोक्याला पटलंय. मनाला येळ लागंल."

"लागू दे गं. मला सोळा वर्षं लागली."

"दुसरं. माझ्यापासनं परत काय लपवायचं न्हाई. दोघांनीबी." सुवर्णाने मान हलवली. दिपाली रस्त्याकडे बघत पुढे म्हणाली, "तिसरं. सातव्यात मी उचगावला जाणार, बाळंतपण तिथंच. सव्वा महिन्यानं परत येणार. तवा बाळाला आंघोळ तुम्ही घालायची. पायावर घिऊन, तेल चोळून, आमच्यात घालत्यात तशी. लांबनं पाणी ओतायचं न्हाई."

सुवर्णाला आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी असेलही, पण त्याच्यापर्यंत पोचायला तिच्या अंगात बळ नव्हते. ती आपल्या तळहातांकडे बघत बसली. लाकडाने आणि डेटॉलने घट्टे पडलेले, चिरलेले हात.

"मला जमंल का न्हाई, ठावं न्हाई," ती म्हणाली. "राजू दहा वर्षांचा होता, तवापासनं मी कुणाला जवळ घेतलेलं न्हाई."

दिपालीने पहिल्यांदाच वळून तिच्याकडे नीट पाहिले. काहीतरी मऊ बोलायचे तिच्या मनात आले असावे, पण राग अजून पुरता गेला नव्हता.

"मग शिका," ती म्हणाली, आणि वडगावची बस आली म्हणून कमरेवर हात ठेवून उठली.